निफाडची द्राक्षं आणि क्लेवेचे कागद

"शेतीच शिकायची तर जर्मनीला कशाला? बांधावर ये की," मामा म्हणाले होते. घरात सगळे हसले, आप्पा सोडून.

२०१० मध्ये मी पाच वर्षांची होते. त्या हंगामात ज्या निर्यातदाराने आमचा माल उचलला, त्याचे कंटेनर युरोपात अडकले. द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला होता. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या छाटणीनंतर, शेंड्याचा जोर आवरावा, काडीत घड धरावा म्हणून ते फवारायचे. वेलीत मुरलेलं औषध पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरतं, हे आमच्या शिवारात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. किती पैसे बुडाले ते घरात कधी कुणी बोललं नाही. वरच्या मजल्याच्या सळ्या मात्र अजून तशाच उभ्या आहेत, आई त्यांना वाळवणाची दोरी बांधते.

तर मला शिकायचं होतं ते हे: निफाडला पिकलेला घड तिकडे कुणाच्या नियमाने पास-नापास होतो.

नुसत्या बारावीवर जर्मनीत पदवीला सरळ प्रवेश मिळत नाही. एक तर तिथे वर्षभर स्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीआधीचा तयारीचा वर्ग, करा, नाहीतर इथल्या विद्यापीठात एक वर्ष पास होऊन जा. जेईई ॲडव्हान्स्डवाल्यांची वाट वेगळी, ती आपली नव्हे. मी सीईटी देऊन राहुरीच्या कृषी विद्यापीठाखालच्या एका कॉलेजात बी.एस्सी. ॲग्रीचं पहिलं वर्ष काढलं. ते वाया गेलं असं अजून लोक म्हणतात. पण पहाटे प्लॉटवर उभं राहून खुरपं चालवलेलं इथे रोज उपयोगी पडतं.

मग एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून दाखला देणारी ही व्यवस्था नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची झाली. फी अठरा हजार. आणि इथे माझ्या नावाने घोळ घातला. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पुढे एका कार्यालयाने शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून पत्र धाडलं: 'फ्राऊ', आणि पुढे आप्पांचं नाव. फ्राऊ म्हणजे श्रीमती. आई आठवडाभर आप्पांना "अहो फ्राऊ, चहा घेता ना?" म्हणत होती. मला मात्र प्रतिज्ञापत्र करून, नोटरीचा शिक्का मारून सगळं पुन्हा पाठवावं लागलं. दीड महिना गेला.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला नको वाटतं. शिक्षण शुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. महिन्याला ९९२ सुटतात. कर्ज मागायला गेलो तर शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्यावर सोसायटीचा बोजा. शेवटी मामांनीच नाशिकचा फ्लॅट तारण ठेवला. बांधावर ये म्हणणारे मामा, हेच.

क्लेवे हे नेदरलँड्सच्या सीमेजवळचं छोटं गाव. इथल्या ऱ्हाइन-वाल विद्यापीठात सस्टेनेबल ॲग्रिकल्चरची पदवी इंग्रजीतून आहे, सात सेमिस्टरची. वर्ग म्हणजे अर्धं जग. माझ्या शेजारी घानाचा कोकोवाला, पलीकडे कोलंबियाची कॉफीवाली. तिघांचं दुखणं एकच निघालं: माल आमचा, यादी दुसऱ्याची. परीक्षेचे गुण मात्र उलटे. १.० म्हणजे पहिला नंबर, ५.० म्हणजे नापास. मृदाशास्त्रात १.७ मिळाले म्हणून घरी सांगितलं तर आईने हळूच विचारलं, "शंभरपैकी?"

नोव्हेंबरात एकदा रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची, मर्यादा वाचत बसले होते. द्राक्षात सीसीसीची २०१० सालची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. टनाला पन्नास मिलिग्रॅम. तेरा टनांच्या कंटेनरला साडेसहाशे. पुन्हा केलं, तेच आलं. अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून पाऊण ग्रॅमही नाही. चिमूटभर मीठ याच्यापेक्षा जास्त भरत नसेल, पण फार कमीही नाही.

तसाच फोन लावला. इकडे संध्याकाळचे सात, तिकडे साडेअकरा. आप्पा जागेच होते, त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. त्यांना आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.

"पाऊण ग्रॅम?"

"त्याहून कमी, आप्पा."

"बरं," ते म्हणाले. "लाइट आली बघ, मोटर चालू करतो." आणि फोन ठेवला.