मेजरची होडी

नौदलात पंधरा वर्षं काढली तरी गावात मी 'मेजर'च. आमच्याकडं लष्करातून परत आलेला प्रत्येक जण मेजर होतो, मग तो आचारी असो नाहीतर माझ्यासारखा खलाशी. समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलंय.

होडी आहे लेझर जातीची. एक माणूस, एक शीड. लांबी चौदा फुटांच्या आत, नुसता सांगाडा 59 किलोचा, शीड सात चौरस मीटर. मुंबईत जुनी मिळाली, टेम्पोत घालून आणली. रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्या पोरानं विचारलं होतं, "टाकीला झाकण नाही का हो मिळालं?"

त्या दिवशी नाथांची पालखी पैठणहून निघून आठवडा झाला होता. पाऊस नुसता तोंड दाखवून गेलेला, जायकवाडी धरण निम्म्याच्या बरंच खाली आणि वारं मात्र सकाळपासून सुटलेलं. काठावर थर्माकोलचे चप्पू, म्हणजे मासे धरायचे तराफे, ओळीनं वर ओढून ठेवलेले होते. जाळं सोडवत बसलेल्या मामांनी मान वर न करता विचारलं, "मेजर, आज कुठं?"

"टेकडापर्यंत जाऊन येतो."

"आमी चप्पू वर घेतलेत, तुमी पाण्यात घाला."

पाण्यावर सगळीकडं पांढरे तुरे दिसत होते. ब्यूफोर्टच्या मोजणीत हा पाच नंबरचा वारा, 17 ते 21 नॉट. लेझरला चालतो. माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या कमरेला चालतो की नाही, हे बघायचं होतं.

नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या पाण्यात, काठाजवळचे पहिले दोनशे मीटर सगळ्यात वाईट, आणि त्यात लाटांचा काही दोष नाही. पाणी उतरत जातं तसे शेतकरी मोटारी घेऊन त्याच्या मागं सरकत जातात. पाइप, केबल, दोऱ्या, पिंपांवर तरंगणाऱ्या मोटारी. कुठली दोरी कुठं बुडालेली आहे ते ती बांधणाऱ्यालाच माहीत. डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या पोटातून खाली जाणारी फळी, अर्धी वर ओढून मी बैलगाडीच्या चालीनं बाहेर पडलो. मग फळी खाली दाबली, शीड आवळलं, पाय पट्ट्यात अडकवले आणि अंग बाहेर झोकून दिलं.

मुंबई बंदरातून मांडव्याकडं जाताना याहून उंच लाटा मी खाल्ल्या आहेत. पण समुद्राची लाट लांबून येते, तिला घाई नसते. होडी उचलते, पुढं खाली ठेवते. इथलं पाणी साधारण 55 किलोमीटर लांब, 27 किलोमीटर रुंद, आणि या मानानं अगदीच उथळ. पश्चिमेचं वारं कायगावाकडून सुटलं की पैठणच्या भिंतीपर्यंत त्याला अडवणारं कुणी नाही. लाट वाढत जाते, पण खाली खोली नसल्यानं लांब होत नाही, उभी राहते. एक तोंडावर फुटली की डोळे पुसायच्या आत दुसरी. बरं, समुद्राचं पाणी निदान खारट तरी असतं, तोंड आपोआप बंद राहतं. इथं दर लाटेला घोटभर गाळ पोटात.

टेकड सरळ रेषेत तीन किलोमीटरच. पण ते बरोबर वाऱ्याच्या तोंडावर, आणि शिडाची होडी वाऱ्यात सरळ घुसत नाही. डावीकडं तिरकं जा, वळा, उजवीकडं तिरकं जा, परत वळा. दीड तास लागला. टेकडाच्या आडोशाला थांबलो, होडीतच भाकरी खाल्ली. ठेच्यात पाणी गेलं होतं, तरी तिखटपणा कमी झाला नव्हता. वर उतरलो नाही. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. थंडीत पाहुणे आले की मी होडी घराबाहेरही काढत नाही, आणि परवानगीच्या कागदासाठी जेवढे हेलपाटे घातले तेवढ्यात पायी पंढरपूर झालं असतं.

परत येताना वारं पाठीवर. लोकांना वाटतं हे सोपं. जाताना त्रास होतो, येताना घात होतो. होडी लाटेच्या पुढं उतारावर पळत होती, मजा येत होती, आणि मजेच्या भरात मी शीड दुसऱ्या अंगाला घ्यायची वेळ चुकवली. आडवा दांडा डोक्यावरून सणकन गेला, पाठोपाठ मी पाण्यात.

उलटणं नवीन नाही. एकटा असलात तर नियम एकच: होडी सोडायची नाही. वाऱ्यावर ती तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात पळते. शिडाची दोरी हातात होतीच. वळसा घालून डॅगरबोर्डवर चढलो, मागं झुकलो. होडी हलेना. परत झुकलो. वीतभर उठली आणि बसली. तेव्हा लक्षात आलं, डोलकाठीचं टोक तळात रुतलंय. खाली बारा-पंधरा फूटच पाणी असावं. जोर करावा तर काठी वाकणार, आणि लेझरची काठी वाकली तर होडी म्हणजे खरंच टाकी. मग उतरलो, होडीच्या नाकाला लोंबकळलो आणि माझ्या वजनानं होडी हळूहळू वाऱ्याकडं फिरू दिली. गेली त्याच तिरक्यानं काठी बाहेर आली पाहिजे. वीसेक मिनिटं गेली असतील. पाण्याखालून दात उपटावा तसा गचका बसला आणि शीड वर आलं.

काठावर मामा उभेच होते. काही बोलले नाहीत, होडी ओढायला नुसता हात लावला.

घरी अंगणात शीड पसरलं. काठीवर चढवायची शिडाची खोळ टोकाला शिवलेली असते, त्या शिवणीत बोटभर चिखल. वर काळा गाळ, आत पांढुरकी, चिकट माती. आई बाहेर आली. ती सातवीत असताना धरणानं तिचं गाव घेतलं, शंभरावर गावं गेली त्यातलंच एक. मी होडी आणल्यापासून ती गंगेकडं, म्हणजे आमच्या गोदावरीकडं, फिरकलेली नाही. तिनं चिमूटभर चिखल उचलला, चोळला.

"कुठली रे ही?"

"काठी रुतली होती."

"ही काळी न्हाई. पांढरी हाय." शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, घालतात ती.

"तुमच्या गावाची?"

"आमचं गाव तिकडं, भिंतीच्या अंगाला. हे दुसऱ्याच कुणाचं." तिनं बोटं पदराला पुसली. "कुणाच्या तरी माळवदाला भोक पाडून आलास. जा, कपडे बदल."