सालीसकट

श्रावणातली दुपार. जेवण झालं होतं, आडवं होण्याआधी तोंडात काहीतरी टाकावं म्हणून फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात भाचीने आणलेली कॅमेम्बेर चीजची गोल डबी होती. डबीवरचा हिरवा ठिपका बायकोने आदल्या दिवशीच चष्मा लावून तपासला होता, म्हणून ती आमच्या श्रावणात फ्रीजमध्ये राहू शकली. मी चीज ओट्यावर घेतलं आणि बटाटा सोलावा तशी त्याची पांढरी साल सुरीने काढायला बसलो. साल जाता जाता निम्मं चीजही जात होतं, पण माझी तंद्री लागली होती. सालींचा ढीग ओल्या कचऱ्यात टाकणार, तोच मागून आवाज आला.

"मामा, काय करतोयस? तेच तर खायचं असतं!"

"अगं, बुरशी आहे ती."

"बुरशीच आहे. मुद्दाम लावलेली."

आता, साल टाकणारा म्हणून माझ्याकडे कुणी बोट दाखवावं हे मला लागलं. आमच्या घरात दोडक्याच्या शिरांची चटणी होते, दुधीच्या सालीची होते, कलिंगड खाऊन झालं की त्याचा पांढरा भाग किसून थालिपिठात जातो. आईच्या राज्यात कचऱ्याच्या टोपलीत जाईल असं फारसं काही नसायचंच. पण तिच्याच राज्यात दुसरा कायदाही होता: बुरा आला की विषय संपला. लोणच्याच्या बरणीत पांढरा तवंग दिसला की आजी तो चमच्याने गुपचूप काढायची आणि घरात मयत झाल्यासारखा चेहरा करून वर तेल ओतायची. आणि मुंबईचा ऑगस्ट ज्याने काढलाय त्याला बुरा काय असतो ते सांगायला नको. कपाटात टांगलेला माझा चामड्याचा पट्टा दर पावसाळ्यात अंगावर पांढरी लव घेऊन बाहेर येतो. कॅमेम्बेरची साल हुबेहूब माझ्या पट्ट्यासारखी दिसते. मी काय करायला हवं होतं?

शिवाय मला पूर्वानुभव आहे. नव्वदच्या दशकात ऑफिसच्या एका पार्टीत, एका बड्या हॉटेलात, ताटलीत लालचुटुक किनार असलेल्या पिवळ्या चकत्या होत्या. एडाम चीज. साहेब शेजारी उभे, हातात काटा, आणि आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा चेहरा. चकती किनारीसकट तोंडात घातली. पिवळं विरघळून गेलं, लाल मात्र दातांखाली मेणबत्तीसारखं फिरत राहिलं, कारण ते मेणच होतं. साहेब बजेटविषयी बोलत होते, मी मान डोलावत मेण गिळलं. काही झालं नाही, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर दुधाचंच प्रकरण.

भाची दोन वर्षं फ्रान्समध्ये राहून आलीय, त्यामुळे तिने माझी शिकवणी घेतली. मेण असेल तर काढायचं, कापड असेल तर काढायचं, बाकी साल खायची की नाही हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. कॅमेम्बेरवरची बुरशी साधारण दोन आठवड्यांत चीजभर पसरते आणि मग चीज बाहेरून आत पिकत जातं. कडेला मऊ, मध्ये अजून खडूसारखं कच्चं. पिकलंय का ते लोक अंगठ्याने दाबून बघतात. हे ऐकल्यावर मात्र माझं मन जरा निवळलं. अंगठ्याने दाबून बघायचं म्हणजे हापूसच की! फार पिकलं तर सालीला अमोनियाचा वास मारतो, तेव्हा सरळ सोडून द्यायचं.

काही चीजच्या साली मिठाच्या पाण्याने पुसून पुसून वाढवतात. त्या नारिंगी, चिकट होतात, आणि त्यांच्यावर जे जिवाणू वाढतात त्यांचे भाऊबंद माणसाच्या पायांवर असतात. लिम्बर्गरचा वास मोज्यांसारखा येतो तो त्यामुळे. भाची हे मोठ्या कौतुकाने सांगत होती. हीच मुलगी लहानपणी आमच्याकडे सुके बोंबील भाजायला घेतले की नाक दाबून गॅलरीत पळायची.

असो. साल खाल्ली. आधी ओल्या कापडासारखी लागली, मग अळंबीची चव आली, शेवटी किंचित कडू. वाईट नव्हती. दुसरा तुकडा घेतला.

खरं तर चीजची साल मी लहानपणीच खाल्लीय, फक्त तिला साल म्हणत नसू. गिरगावात चाळीत राहायचो, फ्रीज नव्हता. अमूल चीजचा डबा वाढदिवसाला फुटायचा आणि उरलेलं चीज जाळीच्या कपाटात जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडा वाळून गडद पिवळ्या, काचेसारख्या व्हायच्या. त्या कडांसाठी आम्हा भावंडांत मारामारी व्हायची. मधलं मऊ चीज पाहुण्यांना, कडा आम्हाला.

पण तीही खरवडीपुढे काहीच नाही. आजीचं पितळेचं कल्हई केलेलं पातेलं, त्यात दूध आटून तळाला धरलेला तपकिरी थर. तो काढायला चमचा चालत नसे. आजीकडे एक शिंपला होता, कधीतरी गावाहून आलेला. इतकी वर्षं पातेल्याच्या बुडावर घासून त्याची एक कड झिजून सरळ झाली होती, फूटपट्टी ठेवावी तर बरोबर बसेल अशी. आजी पाटावर बसून पातेलं मांडीशी तिरकं धरायची, आणि खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला की जिन्यात खेळणारी पोरंसुद्धा वर यायची. खरवडीचे वेटोळे पडायचे, त्यावर चिमूटभर साखर. प्रत्येकाच्या तळहातावर सुपारीएवढं. जळकट, गोड, दाताला चिकटणारं. नॉनस्टिक भांडी आली आणि तळाला काही लागेनासं झालं, याची जाहिरात करतात लोक.

तो शिंपला कुठे गेला कोण जाणे. चाळ सोडताना असेल कुठल्यातरी पोत्यात.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, तर ती उठली आणि तिच्या बॅगेतून कागदात गुंडाळलेला लाकडाच्या ढलपीसारखा तुकडा घेऊन आली. पार्मेजानची साल. इटलीत म्हणे त्याची चाळीसेक किलोची चाकं असतात, निदान बारा महिने मुरवतात, आणि सालीवर टिंबाटिंबांनी नाव उठवलेलं असतं. तुकड्यावर त्यातली दोन-अडीच अक्षरं आली होती. मेण-बिण काही नाही, नुसतं वाळून टणक झालेलं चीज. टाकायचं नाही, खरवडून धुवायचं आणि उकळत्या सूपमध्ये सोडायचं.

"आमटीत टाक मामा, काय लागते बघ!"

आमटीत सोडायला मी निघालोही होतो. तेवढ्यात बायकोने मोबाइलवरून मान वर केली. हे चीज विरजताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पाचकरस, वापरतात, असं तिने वाचून दाखवलं. ठिपकाबिपका काही नाही, इटलीतून तसंच आलेलं. श्रावणात? तिच्या आमटीत?

साल सध्या फ्रीझरमध्ये आहे, गोठवलेल्या मटारच्या मागे. श्रावण संपला की लगेच गणपती. गणपती गेल्यावर बघू.