केसभर हुकलं, शंभर दे

क्रेन गेम म्हणजे काचेच्या पेटीतलं बक्षीस बाहेरून बटणं दाबून पंजाने मिळवायचा खेळ. त्यातल्या तीन बोटांच्या पंजाच्या मशीनमध्ये मी पैसे घालत नाही. आई घालते. सांगलीहून ती आमच्याकडे तोक्योला आली की देवळं, बागा, फुजीचं दर्शन सगळं उरकून घेते आणि मग स्टेशनजवळच्या गेम सेंटरमध्ये रमते.

माझं काम मोटर कंट्रोलचं, म्हणून असेल, पण त्या पंजाच्या आत काय चाललंय ते कळल्यावर माझी तरी मजा गेली. बोटांच्या वर एक कॉइल असते. तिच्यातून करंट गेला की लोखंडी दांडा ओढला जातो आणि बोटं मिटतात. पकड किती घट्ट, ते कॉइलला मिळणाऱ्या व्होल्टेजवर. आणि व्होल्टेज ठरवतो मशीनच्या पोटातला सर्किट बोर्ड. अशा बऱ्याच मशीनमध्ये किती डावांमागे एक बक्षीस सोडायचं ते मालकाला भरून ठेवता येतं. तोवर पंजा खेळणं धरतो, वर उचलतो आणि टोकाला पोचता पोचता ढिला पडतो, तुमचा नेम कितीही अचूक असो. जपानीत याला सरळ 'काकुरित्सु-की' म्हणतात, संभाव्यतेचं यंत्र. निदान नावात तरी लपवाछपवी नाही.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भिशीच की गं. आधीच्यांनी भरलेत, नंबर माझा लागेल." हिशोब म्हणून चूक नाही. फक्त आधीच्यांनी किती भरलेत ते काचेबाहेरून दिसत नाही.

मला आवडतं ते दोन हातांचं मशीन. आत दोन समांतर दांड्या, त्यांच्यावर आडवा ठेवलेला फिगरचा, म्हणजे कार्टूनमधल्या पात्राच्या छोट्या पुतळ्याचा, खोका. हात इतके लुळे की खोका उचलला जाणं शक्यच नाही, आणि उचलायचा नसतोच. एक कोपरा थोडा सरकवायचा, मग दुसरा, असं करत खोका तिरका न्यायचा आणि दांड्यांमधल्या फटीत पाडायचा. याला 'हाशिवाताशी' म्हणतात, पूल टाकणं. वजन कुठल्या बाजूला आहे, दांडीवर रबर चढवलंय का, खाली येणाऱ्या हाताने खोका ढकलता येतोय का, हे सगळं बघून ताडता येतं. खोका जिथे राहिला तिथूनच पुढचा डाव, त्यामुळे केलेली मेहनत वाया जात नाही. एका डावाला १०० येन. बऱ्याच ठिकाणी ५०० टाकले की सहा डाव मिळतात.

अडलात तर तिथल्या मुलाला हाक मारायची. तो किल्लीने काच उघडतो, खोका जरा सोयीचा ठेवून देतो, कुठे ढकला तेही दाखवतो. आईला जपानी येत नाही, पण 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा, जरा इकडे', एवढ्यावर तिचं भागतं.

दुकानदाराला हा उदारपणा परवडतो, कारण आतला माल स्वस्त असतो. जपानी कायद्यात गेम सेंटरने खेळाच्या निकालावर बक्षीस द्यायला खरं तर मनाई आहे. क्रेन गेमला पोलिसांनी सवलत दिली ती कमी किमतीच्या वस्तूंपुरती: आधी साधारण ८०० येन, २०२२ पासून १०००. म्हणजे फिगर कितीही भारी दिसो, तुम्ही ३००० येन घातलेत तर तिप्पट भावाने घेतलीत.

तरी लोक खेळतात. मानसशास्त्रज्ञ ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांचा केंब्रिजमधला २००९ चा स्लॉट मशीनवरचा, म्हणजे चित्रं जुळली की पैसे देणाऱ्या जुगाराच्या यंत्रावरचा, प्रयोग मला इथे फार पटतो. थोडक्यात हुकलं की मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे काही भाग तेव्हाही जागे होतात. माणसाला वाईट वाटतं, पण पुन्हा खेळावंसंही वाटतं. मात्र हे 'पुन्हा' तेव्हाच, जेव्हा जुळवायच्या चित्राची निवड त्याने स्वतः केलेली असते. संगणकाने निवडलं की तेवढी ओढ लागत नाही. क्रेनची ती दोन बटणं, एक उजवीकडे नेणारं आणि एक मागे, नेमकी ही निवड आपल्या हातात देतात.

"केसभर हुकलं गं, शंभर दे," आई म्हणते. तीन बोटांच्या मशीनवर हे केसभर बोर्डाने ठरवलेलं असू शकतं. दोन हातांच्या मशीनवर ते फूटपट्टीने मोजता येईल. म्हणून मी तिला हाताला धरून दुसऱ्या रांगेत नेते. ती येते, पण तक्रार करत: इकडे नुसते खोके, ती गुबगुबीत अस्वलं सगळी तिकडे, आणि माझा भाचा खोक्याचं काय करणार?