बाह्या दुमडलेला कोट

मुलगी अमेरिकेत, टेनेसी राज्यात नर्स आहे. मिरजेला शिकली, आधी आखातात गेली, मग तिकडं. २०१६च्या ऑगस्टमध्ये मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडं गेले. सोबत सांगलीचं दोन किलो भडंग. ते नातवानं आठ दिवसांत फस्त केलं.

तिची नाइट ड्यूटी असली की रविवारी मला चर्चला न्यायला एक म्हातारा यायचा. त्याच्या उंच पिकअपची पायरी माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही, म्हणून हात धरून वर चढवायचा. थंडी सुरू झाली तशी त्याच्या बायकोनं स्वतःचा लोकरी कोट आणला. बाह्या चार बोटं लांब. परत घरी नेऊन, दुमडून, बारीक टाके घालून पुढच्या रविवारी हजर. आमच्या इथल्या चर्चच्या मंडळीत चाळीस वर्षं मी गीतं सांगते, पण माझ्यासाठी एवढं कुणी केल्याचं आठवत नाही.

चर्च सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाचं. माणसं अडीचशे-तीनशे, जवळजवळ सगळी गोरी. काळ्यांचं चर्च त्याच रस्त्यावर, दोन सिग्नल पुढं. तेही बॅप्टिस्टच. आकाशातला बाप एक, पवित्र शास्त्र एक, रविवारचे अकरा मात्र दोन ठिकाणी वाजायचे.

निवडणुकीचे दिवस होते. पाळकानं उमेदवाराचं नाव कधी घेतलं नाही. प्रार्थना व्हायची ती पोटातल्या बाळांसाठी आणि सुप्रीम कोर्टातल्या रिकाम्या खुर्चीसाठी, म्हणजे तिथं गर्भपाताविरुद्धचा न्यायाधीश बसावा म्हणून. समजायचं ते सगळ्यांना समजायचं. ओबामांचा जन्म अमेरिकेतला नाहीच, असं वर्षानुवर्षं सांगत आलेला माणूस उभा होता आणि मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून जे आकडे काढले, त्यात गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी (बायबलवर आणि एकेकाच्या तारणावर भर देणारे, बॅप्टिस्टांसारखे प्रॉटेस्टंट) ८० टक्क्यांच्या आसपास मतं त्याला. माझा कोटवाला म्हातारा त्यातलाच. त्यानं कधी लपवलं नाही.

एका रविवारी उपासनेनंतर जेवण होतं. कागदी ताटलीत रताळ्याचा गोड लगदा, वर भाजलेला मार्शमेलो (हे लोक त्याला भाजी समजतात). म्हातारा शेजारी बसून आपुलकीनं म्हणाला, तुम्ही भारतातली माणसं कष्टाळू, मुलांना शिकवता, इथल्या काळ्यांसारखे नाही.

मी ‘थँक्यू’ म्हणाले. वर ‘पाय’ नावाच्या त्यांच्या गोड पदार्थाचा दुसरा तुकडाही घेतला.

रात्री झोप लागेना. मी इतिहासाची बाई. १८७३ साली जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ‘सदाचारी लोकांना’ अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं, हे तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्या सदाचाऱ्यांच्याच देशात गुलाम बाळगणारेही रविवारी चर्चला बसत होते, हे शिकवलं नाही, पुस्तकात नव्हतं. मुलीच्या लॅपटॉपवर वाचलं. सदर्न बॅप्टिस्टांनी १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी वेगळी चूल मांडली. भांडण कशावरून? गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, यावरून. माफी मागितली १९९५ साली, बरोबर दीडशे वर्षांनी.

पुढच्या रविवारी गाडीत मी भीतभीत हा विषय काढला. म्हातारा चिडला नाही. ‘माफी मागून झाली की. आणि माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही.’

खरं सांगते, नव्हताच. तिथंच तर गाठ आहे. त्याच्या हिशेबी पाप माणसाच्या काळजात असतं. एकेकानं पश्चात्ताप करायचा, एकेकाचं तारण व्हायचं. आपलं काळीज तपासलं, द्वेष सापडला नाही, वही बंद. मग काळ्यांची वस्ती रुळापलीकडंच का, तिथली शाळा पडकी का, आपल्या मतानं त्यांच्या दारात काय जाऊन पडतं, ही पानं त्या वहीत नाहीतच. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते पाळकांनाच. त्यात त्यांची मोठी तक्रार उघड वैऱ्यांबद्दल नव्हती. शांतता बिघडू नये म्हणून ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्या भल्या गोऱ्या माणसांबद्दल होती.

पण माझं ‘थँक्यू’ कुठल्या पानावर लिहायचं? नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एक बाई माझ्याकडं निरखून म्हणाल्या होत्या, ‘तुमच्याकडं बघून वाटत नाही हं!’ त्यांनी पुढं केलेला लाडू मी घेतला नव्हता. त्याचा अभिमान मी आजवर मिरवला.

परत आल्यावर वर्षभरानं भावाच्या मुलाचं ठरत होतं. मुलगी आमच्याच मंडळीतली, नर्स. तीन पिढ्या ख्रिस्ती. पण आमचे आजोबा महारवाड्यातून आलेले, तिचे मांगवाड्यातून. भाऊ म्हणाला, ‘प्रभूत सगळे एक, कबूल. पण सोयरीक म्हणजे...’ मी मोठी, अमेरिका बघून आलेली, म्हणून बैठकीत मला विचारलं. मी मुलीच्याच बाजूनं होते. ठासून म्हणाले, ‘पोरगी सोन्यासारखी आहे. त्यांच्यातली वाटतसुद्धा नाही.’

ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

लग्न झालं. सून गुणाची आहे, दर नाताळाला करंज्यांचा डबा आणून देते. ‘बस गं, दोन घास खा’ म्हटलं की म्हणते, ‘आत्या, ड्यूटी आहे.’