कारवां आणून दिलं म्हणजे म्युझिक थेरपी होत नाही

डिप्रेशन म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाकडे एक उपाय तयारच असतो. सकाळी चालायला जा, गुरुवार धर, अश्वगंधा घे, मन कशात तरी गुंतव. हल्ली त्यात रागांची भर पडलीये. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी ती लिस्ट टाकतंच, झोपेला हा राग, बीपीला तो राग, डिप्रेशनला दरबारी, ॲसिडिटीला दीपक (हो, ॲसिडिटीला), खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि मग सगळ्यांचे अंगठे. पं. ओंकारनाथ ठाकूरांनी मुसोलिनीला पूरिया ऐकवून झोपवलं हा किस्साही त्यात असतोच. किस्सा म्हणून झकास आहे, पण त्याच्या जोरावर माणसाच्या गोळ्या बंद करायला निघालेले लोक मी आमच्याच घरात बघितलेत.

झालं असं की माझी मावशी, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची, काका गेल्यानंतर हळूहळू बोलायचीच बंद झाली. आधी आम्हाला वाटलं दुःख आहे, ओसरेल. मग आंघोळ राहायला लागली, गॅसवर दूध तसंच उतू जायचं आणि ही समोर उभी. शेवटी महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात केसपेपर काढला, सायकियाट्रीच्या ओपीडीत सकाळपासून लाइन लावली, डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. बरं वाटायला वेळ लागतो, दोन-चार आठवडे तरी, हे त्यांनी सांगितलेलं. पण तेवढ्यात एका नातेवाइकांनी येऊन तिला पटवलं की ह्या गोळ्यांची सवय लागते, सोड, आणि रोज पहाटे हे हे राग लाव. तिने सोडल्या. एकदम. मग चक्कर, झोप गायब, डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय म्हणून रात्री फोन. ह्या प्रकारच्या गोळ्या अचानक तोडल्या की असं होऊ शकतं, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात ते त्यासाठीच. पुन्हा लाइन, पुन्हा सुरुवात.

मावसभावाने त्याच सुमाराला कारवां, म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेला तो रेडिओसारखा डबा, आणून दिला. हेतू एकदम चांगला, आईला जुनी भावगीतं आवडतात, दिवसभर वाजत राहील, घरात आवाज राहील. तिसरं की चौथं गाणं काकांच्या आवडीचं लागलं आणि मावशी उठून आत गेली, दार लावून घेतलं ते जेवायलाही बाहेर आली नाही. गाणं म्हणजे नुसतं चांगलंच करतं असं आपण धरून चालतो ना, ते तसं नाहीये, ज्या गाण्याला एखादं माणूस चिकटलेलं आहे ते गाणं नको त्या वेळी लागलं तर माणूस कोलमडतो.

पुढच्या फॉलोअपला मी डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं, म्युझिक थेरपी वगैरे चालेल का? मला वाटलं ओरडतील. ते लिहिता लिहिताच म्हणाले, "चालेल ना, जरूर करा. फक्त गोळ्या माझ्याच." 

मग शोधाशोध करून घाटकोपरला एका हॉलमध्ये सेशन घेणारी एक मुलगी सापडली, ट्रेनिंग घेतलेली, नाव नाही सांगत. पहिल्या दिवशी तिने मला आत बसू दिलं. मी अपेक्षा करत होते की डोळे मिटा, श्वास घ्या, तानपुरा लागेल. तसलं काही नाही. चटईवर खंजिरी, टाळ, एक जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल), खुळखुळे, छोटा कीबोर्ड. "काकू, ह्यातलं काहीही घ्या, नाही घेतलं तरी चालेल." मावशीने बऱ्याच वेळाने खंजिरी घेतली, मांडीवर ठेवली आणि अंगठ्याच्या नखाने नुसती घासत बसली. खर्र... खर्र... त्या मुलीने जेंबे ओढला आणि बोटांच्या टोकांनी तेवढ्याच हळू तेच सुरू केलं. कोणी काही बोलेना. मला तर बाहेर जावंसं वाटायला लागलं इतकं अवघड. मावशी थांबली की ती थांबायची. मावशीने दोन थापा मारल्या, तिने दोन मारल्या. मावशीने मुद्दाम तीन मारल्या, तिकडून तीन. आणि मावशी मान वर करून म्हणाली, "नक्कल करतेस का गं माझी?" अगदी वर्गातल्या आवाजात!

घरी येताना रिक्षात मी खूश आणि मावशी पुन्हा गप्प, तेव्हा एका सेशनमध्ये जादू झाली असं काही सांगत नाहीये. पण ती मुलगी काय करत होती ते मी नंतर वाचलं. आल्टशुलर नावाच्या अमेरिकन सायकियाट्रिस्टने १९४८ मध्ये मांडलेलं आयसो प्रिन्सिपल म्हणून आहे, माणूस ज्या मूडमध्ये आहे तिथूनच संगीत सुरू करायचं आणि मग हळूहळू सरकवायचं. उदास माणसाला थेट आनंदी गाणं लावणं ह्याच्या बरोबर उलटं. पेशंट ज्या चालीने जातोय त्या चालीने थेरपिस्टने जायचं, आणि हे कुठलीच प्लेलिस्ट करू शकत नाही, कारण तिला समोरचा थांबला हे कळतच नाही.

ह्याला पुरावा काय, तर आहे, पण उड्या मारण्याइतका नाही. फिनलंडमध्ये ७९ डिप्रेशनच्या पेशंटवर एक ट्रायल झाली होती, २०११ मध्ये छापून आली. काहींना नेहमीची ट्रीटमेंट, काहींना नेहमीची ट्रीटमेंट अधिक म्युझिक थेरपीची २० सेशन्स, त्यातही जेंबे होताच. तीन महिन्यांनी थेरपीवाले जास्त सुधारले होते, सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. २०१७ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) असे ९ अभ्यास, मिळून ४२१ माणसं, एकत्र तपासले आणि निष्कर्ष असाच काहीसा, नेहमीच्या उपचारांना जोड दिली तर थोड्या काळासाठी तरी फायदा दिसतो. "जोड दिली तर" हे फॉरवर्डमध्ये येतच नाही. मला विचाराल तर एवढंसुद्धा पुष्कळ आहे, जिला सकाळी उठून वेणी घालायची ताकद नाही तिला थोड्या काळाचा फायदा म्हणजे काय ते घरातल्यांना विचारा.

गंमत म्हणजे ज्या उपचारांना घरचे घाबरले ते जास्त तपासून झालेले होते. मधे एकदा गोळीचा असर पुरेसा नाही म्हणून डॉक्टरांनी पुढचे पर्याय सांगितले, त्यात ईसीटीचं नाव निघालं आणि मावसभाऊ पांढरा पडला. शॉक! हिंदी पिक्चरमध्ये माणसाला बांधून देतात तो. प्रत्यक्षात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टने बंदी आहे, आणि फार खोल गेलेल्या डिप्रेशनमध्ये तो लवकर काम करतो. मधल्या काळाचं विसरायला होतं, ते खरं आहे. दुसरं आरटीएमएस, डोक्याला कॉइल लावून मॅग्नेटचे झटके, टकटकटक आवाज येतो, भूल लागत नाही, अमेरिकेत डिप्रेशनसाठी २००८ पासून मान्यता आहे. पण आठवड्याचे पाच दिवस, चार-सहा आठवडे. विक्रोळीहून रोज कोण नेणार? मावशीची गोळी बदलून भागलं म्हणून तो प्रश्न तात्पुरता टळला.

आणि बाहेर सध्या ज्याची सगळ्यात जास्त हवा आहे ते म्हणजे मॅजिक मशरूममधलं सिलोसायबिन. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानगी असलेले सायकियाट्रिस्ट गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी ते देऊ शकतात. आपल्याकडे एनडीपीएसखाली, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, तेव्हा गोव्याला जाऊन स्वतःवर प्रयोग करू नका. पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट आवडली. त्या सेशनमध्ये पेशंटला डोळ्यांवर पट्टी बांधून तासन्‌तास संगीत ऐकवतात, आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या लोकांनी २०१८ मध्ये दाखवलं की औषध किती चढलं ह्यापेक्षा पेशंटला ते संगीत किती भिडलं ह्यावरून आठवड्यानंतरची सुधारणा जास्त ओळखता आली. अभ्यास छोटा होता. पण बघा, इतकं तगडं औषध देऊनही गाणं लागलंच.

काका ट्रेनच्या भजनी मंडळात होते. डब्यात टाळ, एकाच्या मांडीवर ढोलकी, ती नसेल त्या दिवशी पत्र्यावर ठेका, कांजूर येईपर्यंत गजर टिपेला. मंडळातले लोक मावशीकडे येऊन म्हणाले वहिनी आमच्यात या, सोसायटीत दर एकादशीला बसतो, मन रमेल. चांगली माणसं आहेत आणि भजनाने कित्येकांना आधार मिळतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मंडळ कोणासाठी थांबत नाही. ज्याला उठून टाळी वाजवता येत नाही त्याने तिथे करायचं काय? मावशीने आता कुठे जायला सुरुवात केलीये, तेही मागे बसते, आणि आल्यावर म्हणते, "त्यांचा सूर कोणी लावून देईल का गं?"

आता कामाचं. थेरपिस्टला शिक्षण कुठे झालं ते तोंडावर विचारा, आणि "गोळ्या बंद करून या" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. रात्री-अपरात्री काही सुचत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. मेडिक्लेमचं म्हणाल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं त्याच मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये आहे, तरी आमच्या विमा कंपनीने सेशनची बिलं ओपीडीची आहेत म्हणून परत पाठवली, ॲडमिट झालात तर बघू म्हणाले. म्हणजे आधी बिघडून या.

तर घाटकोपरचा तो हॉल बंद झालाय आणि ती मुलगी आता बोरिवलीला बसते, मावशीला तिथपर्यंत जाणं जमणारं नाही. भांडुप-मुलुंडकडे कोणी शिकलेलं माणूस सेशन घेत असेल, ग्रुप असला तरी चालेल, तर सांगा. दुपारची वेळ हवी, संध्याकाळी ती शेजारच्या पोरांचा पाढ्यांचा क्लास घेते.