बंडूचं नाक आणि आईचा कढीपत्ता

मागच्या मे महिन्यात आई लातूरहून आमच्याकडे अटलांटाला आली. विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन ती बाहेर निघणार, एवढ्यात निळं जॅकेट घातलेला एक छोटा कुत्रा तिच्या हँडबॅगेशी आला, दोनदा हुंगून चक्क खाली बसला. ना भुंकला, ना ओरबाडलं. आईला वाटलं, दमलंय बिचारं. "बस रे बाळा, बस," म्हणत तिने थोपटायला हात पुढे केला, तर त्याच्या मागचा गणवेशवाला हसत म्हणाला, "बॅग उघडता का?" आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला, अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता. सामानात खाण्याचे जिन्नस आहेत हे तिने आधीच सांगितलं होतं, म्हणून दंड टळला. कढीपत्ता मात्र गेला.

घरी पोचल्यावर दारात आमचा बंडू उभा. पांढरा-काळा-तपकिरी, लोंबते कान, शेपटीचं टोक पांढरं. आई उंबऱ्यातच थबकली. "हा माझ्याआधी इथे कसा आला?"

दोघंही बीगल. फरक इतकाच की एक सरकारी नोकरीत आहे आणि एक आमच्या जिवावर बसून खातो. अमेरिकेत विमानतळांवर बीगल ठेवायला १९८४ मध्ये लॉस एंजेलिसपासून सुरुवात झाली. लहान चणीचा, प्रेमळ चेहऱ्याचा कुत्रा गर्दीत फिरला तर कुणी घाबरत नाही, हा हिशोब. त्यांचं प्रशिक्षण केंद्र अटलांटाच्या दक्षिणेला न्यूननला आहे. तिथे सुरुवातीला पाच वास शिकवतात: सफरचंद, आंबा, लिंबू-संत्र्याच्या जातीची फळं, डुकराचं मांस आणि गोमांस. वास सापडला की शेजारी बसायचं, बक्षीस मिळतं. आपल्या यादीतला आंबा तिथे आहे हे मे महिन्यात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कढीपत्त्याचं कारण वेगळंच आहे. तो लिंबाच्याच कुळातला, आणि त्याच्या पानांवर राहणारा एक बारीक कीटक संत्र्या-मोसंबीला असा रोग लावतो की ज्यावर औषध नाही. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा त्याने पार खंगल्यात. हे सगळं आईला समजावलं. "माझ्या झाडावर कीड नाही," एवढंच ती म्हणाली.

हे आत्ता आठवायचं कारण माझी पुण्याची मावसबहीण. तिला फ्लॅटमध्ये बीगल आणायचाय. "छोटासा असतो, गोड असतो, मुलांत मिसळतो." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बीगल म्हणजे चार पायांवर फिरणारं नाक आहे, बाकीचा कुत्रा त्या नाकामागे ओढला जातो. हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

माझ्या डोक्यात शिकारी कुत्रा म्हणजे आजोबांची राणी. कारवानी जातीची, उंच, पोट पाठीला लागलेलं. शिवारात लांबवर ससा हलला की ती बाणासारखी सुटायची, नजरेआड झाला की थांबायची. तिचं सगळं काम डोळ्यांवर. बीगलचं उलट. इंग्लंडात सशांमागे टोळीने सोडायला वाढवलेली ही जात, ससा दिसण्याशी तिला काही देणंघेणं नाही. एकदा आमच्या मागच्या अंगणात ससा गवतात बसलेला होता, मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होता. बंडू नाक जमिनीला लावून त्याच्या मागावर निघाला: कुंपणापर्यंत, तिथून झुडपाला वळसा, परत. सशापासून चार हातांवरून गेला. वर बघितलंच नाही! ससा जिथून फिरला तिथूनच फिरायचं, हा त्याचा नेम. शेवटी ससाच कंटाळून उठून गेला.

नाक चालू असलं की कान बंद. तो हट्टी आहे, ऐकत नाही, असं मी आधी सगळ्यांना सांगायचे. हाक खरंच पोचत नाही त्याच्यापर्यंत. म्हणून मोकळ्या जागी पट्टा सोडायचा नाही, कितीही शिकवलेला असो. आम्ही तीस फुटांची लांब दोरी लावतो, तीही गळ्याला नाही, छातीवरच्या हार्नेसला. कुंपण उंच असून भागत नाही, खालून उकरतो. फिरायला गेलो की प्रत्येक खांबाचा पंचनामा होतो. एक किलोमीटरला पाऊण तास. पूर्वी मी ओढायचे, घरी आल्यावर तो सोफ्याच्या उशा फाडायचा. आता हुंगू देते, घरी येऊन झोपतो. पावसाच्या दिवशी जुना टॉवेल घेऊन पोळीचे तुकडे घालून गुंडाळी करते आणि गाठ मारून देते. वीस मिनिटं शांतता.

शांतता म्हणजे काय ते बीगलवाल्यालाच कळतं. तो भुंकतो, तो रडतो, आणि तिसरा एक आवाज असतो: मान वर करून, हेल काढून, लांबच लांब. मागे राहिलेल्या शिकाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून घडलेला आवाज आहे तो, भिंतींनी अडत नाही. टोळीत राहणारी जात असल्याने एकटं ठेवलं की हा राग सुरू. दोघंही दिवसभर ऑफिसात असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

कानांचं थोडं सांगते. लोंबत्या कानात हवा खेळत नाही, ओल राहते, बुरशी धरते. दर रविवारी मी कान उलटून वास घेते. (हो, आमच्या घरात आता सगळेच हुंगतात.) आंबलेल्या पिठासारखा वास आला की डॉक्टर. पोहून किंवा अंघोळ करून आला की कान आधी कोरडे. केस आखूड असले तरी वर्षभर गळतात, काळ्या साडीवर पांढरे आणि पांढऱ्या कुर्त्यावर काळे. डासांतून हृदयात जाणारी एक कृमी इथे दक्षिणेत फार, त्यासाठी महिन्याला एक गोळी, बारा महिने.

खाणं हा खरा प्रश्न. पोट भरलं हे त्याच्या मेंदूला कुणी कळवत नाही. बीगलचं वजन साधारण नऊ ते चौदा किलो असावं, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आई दीड महिन्यात त्याला सोळावर घेऊन गेली, "पोरगं बघत असतं गं ताटाकडे." कांदा-लसणाची फोडणी, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे हे त्याला विष आहे, हे फ्रिजवर मराठीत लिहून लावलं.

तरी दिवाळीत व्हायचं ते झालं. बेसनाचे लाडू ओट्यावर, डब्याला झाकण नीट नाही. मी दार उघडायला गेले नि आले, तेवढ्यात चार लाडू गेले. प्रत्येकावर एक बेदाणा. चारच तर बेदाणे, असं वाटेल. पण कुठल्या कुत्र्याची मूत्रपिंडं कितीने बंद पडतील याचा अंदाज कुणालाच देता येत नाही. रात्री नऊला तातडीच्या दवाखान्यात. त्यांनी सुई देऊन उलटी काढली, ट्रेमध्ये आणून दाखवली. डॉक्टर मुलीने चिमट्याने एकेक मोजला: तीन. चौथ्यासाठी आम्ही दोन दिवस सलाइन लावून बसलो. तो चौथा बेदाणा महिन्याभराने सोफ्याखाली सापडला. बंडूलाच.

हे सगळं मी बहिणीला सतरा मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, सोबत त्याचा झोपलेला फोटो पाठवला. तासाभराने तिचं उत्तर आलं.

"पण ताई, कान किती गोड आहेत गं त्याचे!"