तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूफाउंडलँड, आणि तेही मोटरहोमनं का?

"एवढी मोटरहोम काढायचीच तर रॉकीजला जा ना, न्यूफाउंडलँडला आहे काय?" मंडळाच्या गणपतीत, फोनवर, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, आणि उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मोटरहोम म्हणजे आत स्वयंपाकघर नि झोपायची सोय असलेली गाडी.

न्यूफाउंडलँड हे कॅनडाच्या पूर्व टोकाचं बेट, आधी ते केवढं ते बघा. जवळजवळ 1 लाख 9 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही थोडं जास्त, आणि माणसं पाच लाखांच्या आसपास. नैर्ऋत्य टोकाच्या पोर्ट ओ बास्क बंदरात फेरीतून उतरलात की पूर्वेच्या सेंट जॉन्स या राजधानीपर्यंत ट्रान्स-कॅनडा हायवे सुमारे 900 किलोमीटर आहे, पण तो बराचसा आतल्या जंगलातून जातो, जुनी मच्छीमार गावं त्या रस्त्यावर नाहीतच, ती खाड्यांच्या टोकांना, प्रत्येकीचा फाटा वेगळा, फाटा समुद्रापाशी संपतो आणि त्याच वाटेनं परत यायचं. हॉटेलं धरून फिरलात तर बुकिंग पुढच्या गावात असतं आणि जीव मागच्या गावात अडकलेला असतो.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे. या बेटावर जे बघायला जायचं ते तारीख देऊन येत नाही. हिमनग ग्रीनलंडच्या हिमनद्यांवरून तुटतात आणि लॅब्राडोरच्या थंड प्रवाहाबरोबर खाली येतात, मे-जूनमध्ये ट्विलिंगेट, सेंट अँथनी, बोनाव्हिस्टा या पट्ट्यात दिसतात, पण एखाद्या वर्षी भरपूर आणि एखाद्या वर्षी तुरळक, आणि आज खाडीच्या तोंडाशी असलेला हिमनग, वारा फिरला की उद्या गायब. केपलिन नावाचे छोटे मासे जून-जुलैत अंडी घालायला थेट वाळूवर येतात आणि त्यांच्या मागे हंपबॅक देवमासे, तेही कधी येतील ते त्यांचं त्यांनाच माहीत. आणि धुकं! ट्विलिंगेटला आम्ही पोचलो तेव्हा समोरचं लाइटहाऊससुद्धा दिसत नव्हतं. हॉटेलात असतो तर सकाळी खोली सोडून पुढे निघावं लागलं असतं, आम्ही आमटी-भात टाकला, पुस्तकं काढली, झोपलो, परत उठलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं सरकलं तेव्हा निळसर पांढरा एवढा मोठा हिमनग समोर उभा होता की आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललोच नाही. वाट बघता येणं, हेच तिथे सगळ्यात मोठं सुख आहे, आणि ते स्वतःचं स्वयंपाकघर नि अंथरूण बरोबर असलं की जमतं. शाकाहारी असाल तर दुप्पट, कारण लहान गावांत मेन्यू कॉड माशापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा कॉडपाशीच संपतो.

संध्याकाळी गाडी चालवू नका, हे तिथे प्रत्येक जण बजावतो. कारण मूस, म्हणजे तिथलं घोड्याएवढं हरीण. 1904 मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले होते, आता लाखाच्या वर आहेत आणि अंधार पडता पडता रस्त्यावर येतात. मोटरहोम असली की उजेड असतानाच जिथे चांगली जागा मिळेल तिथे थांबायचं. तिथली माणसं रस्ता बांधताना उरलेल्या खडीच्या खाणींमध्ये आपापले ट्रेलर लावून आख्खा वीकेंड राहतात, बाजूला तळं, शेकोटी, पोरं सायकलींवर. विचारून आम्हीही एकदा तिथेच थांबलो तर शेजारच्या आजोबांनी खुर्च्या मांडून बोलावलं आणि 2 जुलै 1992 बद्दल सांगितलं, त्या दिवशी सरकारनं नॉर्दर्न कॉडची मासेमारी बंद केली आणि तीसएक हजार लोकांचं काम गेलं. 2024 मध्ये बंदी उठली, पण मधल्या काळात त्यांची मुलं कामासाठी पश्चिम कॅनडातल्या अल्बर्टाला गेली ती तिकडचीच झाली. माझं आजोळ हर्णैचं, बोटी किनाऱ्याला लागल्या नाहीत तर गावाचं काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. असं बोलणं हॉटेलच्या लॉबीत होत नाही हो.

ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यान तर बघाच, तिथल्या टेबललँड्समध्ये पृथ्वीच्या पोटातला, मँटलचा खडक वर येऊन उघडा पडलाय, तांबूस पिवळा, त्यावर धड गवतही उगवत नाही, आणि रस्ता अगदी त्याच्या पायथ्याशी जातो. तिथून उत्तरेला 430 नंबरच्या रस्त्यानं लान्स ओ मेडोजला जाता येतं, जिथे कोलंबसच्या साडेचारशेहून जास्त वर्षं आधी नॉर्स लोक, म्हणजे व्हायकिंग, राहिले होते, तिथल्या तोडलेल्या लाकडांवरून 1021 हे साल नक्की झालंय. पण मला त्या रस्त्यात सगळ्यात आवडले ते कडेचे बटाट्याचे वाफे. गावाजवळ माती फारशी नाही, रस्ता बांधताना कडेला जी माती पडली तिच्यावर लोकांनी शेती सुरू केली, हायवेला लागून, घरापासून लांब. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि एक गोड गोष्ट, तिथलं घड्याळही आपल्यासारखंच जागतिक वेळेपासून अर्ध्या तासाच्या हिशोबात आहे, त्यामुळे उन्हाळ्यात भारताशी फरक बरोब्बर आठ तास, पुण्याला आईला फोन करायला टोरांटोसारखा साडेनऊ तासांचा हिशोब नाही.

आता कामाचं. फेरीचं भाडं गाडीच्या लांबीवर असतं, नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून साधारण सात तास लागतात, गाडीतला प्रोपेन गॅस बंद करावा लागतो आणि प्रवासात गाडीत बसू देत नाहीत. भाड्याची गाडी असेल तर बेटावर न्यायची परवानगी आधीच विचारा. पोर्ट ओ बास्कहून निघाल्या निघाल्या रेकहाऊसचा पट्टा लागतो, तिथल्या वाऱ्यानं ट्रक आडवे झालेत, तेव्हा इशारा असेल तर उंच गाडी हलवूच नका, थांबा. परत येताना बेटावरची माती आणि बटाटे बाहेर नेता येत नाहीत, बटाट्याचे रोग पसरतात म्हणून बंदरावर गाडी तपासतात, गरज पडली तर धुतात, त्यामुळे बटाटे आदल्या रात्रीच भाजीत संपवा. जूनच्या मधोमध जायचं ठेवा, हिमनग आणि देवमासे दोन्ही मिळण्याची आशा तेव्हाच जास्त, आणि फेरीचं बुकिंग हिवाळ्यातच करून टाका.